सातशे बावन्न नंबरची किताब

मल्लिनाथअप्पा पुस्तक परत करायला आले की ते कसं होतं हे कधी सांगत नसत. त्यात कुणी काम केलं ते सांगत.

"मास्तर, ह्यात मामलेदाराचं काम लांब तोंडाच्यानं केलं बगा. लई जीव ओतला. पण बाईसाहेबांना वावच न्हाई. किताबभर नुसता चहा आणून देतात."

बाईसाहेब म्हणजे काळ्या-पांढऱ्या सिनेमाच्या जमान्यातली एक मोठी नटी. तिचं नाव अप्पांनी माझ्यासमोर एकदाही उच्चारलं नाही. नाव घेणं त्यांना बेअदबी वाटे. अशी जुन्या सिनेमातली एकूण पाच माणसं त्यांच्या कंपनीत होती: बाईसाहेब, लांब तोंडाचा, टोपीवाला, घोगऱ्या आणि म्हातारी. ही म्हातारी वयाच्या तिसाव्या वर्षापासून पडद्यावर आईचंच काम करत आली होती, असं अप्पांचं म्हणणं. जगातलं कुठलंही पुस्तक या पाचजणांत बसवता येतं यावर त्यांची श्रद्धा होती. सहावा माणूस त्यांनी कधी घेतला नाही. सिनेमात रंग आल्यावर तर नवीन भरतीच बंद. "रंग आला अन् अदब गेली," एवढं बोलून ते विषय संपवत.

मी मूळचा नांदेडचा. लातूरला गंजगोलाईच्या मागच्या बोळात, एका माडीवर आमचं वाचनालय होतं. तिथं मी नोकरीला लागलो. ग्रंथपाल मी, कारकून मी, झाडणाराही मीच. लागून सहा महिने झाले असतील तेव्हा अप्पा पहिल्यांदा आले. धोतर, पांढरी टोपी, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, हातात छत्री. चपला त्यांनी जिन्याखालीच काढल्या होत्या. दारात उभं राहून ते दोनदा खाकरले आणि मी "या" म्हणेपर्यंत आत आले नाहीत.

"शरणार्थ," त्यांनी हात जोडले. "पहिली किताब द्या."

"कोणती?"

"पहिली. तुमच्या रजिस्टरात एक नंबरला जी असंल ती."

एक नंबरला बैलांच्या खुरांच्या रोगांवरचं पुस्तक होतं. मी म्हणालो, अप्पा, दुसरं काहीतरी घ्या, चांगल्या कादंबऱ्या आहेत. ते म्हणाले, "कादंबरीचा नंबर आला की कादंबरी घेऊ की."

आठवड्याभरानं पुस्तक परत आलं. आत एक चिठ्ठी होती. डोंगरावर चढणाऱ्या मुंग्यांसारखी अक्षरं: 'जनावराचा डॉक्टर – लांब तोंडाचा. बैल धरणारा – टोपीवाला. बाईसाहेबांस काम नाही.'

मग दोन नंबर. मग तीन. वाचनालयातली सगळी पुस्तकं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, नंबरवार, एकही न गाळता वाचायची असा त्यांचा नेम होता. पुस्तकं दोन हजारांच्या आसपास होती. मी एकदा कागदावर हिशेब मांडून दाखवला की या वेगानं शेवटचं पुस्तक हातात येईल तेव्हा तुमचं वय नव्वदच्या पुढं असेल. अप्पांनी कागद नीट वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "मग जरा लगबग करावी लागंल."

लगबग त्यांना जमणारी नव्हती. त्यांचं सगळं शिक्षण निजामाच्या राज्यात, उर्दूतून झालेलं. मराठी अक्षरं बऱ्याच उशिरा, स्वतःची स्वतः शिकलेली. बोट ठेवून, ओठ हलवत वाचत. पुस्तकाला ते अखेरपर्यंत किताबच म्हणाले. आणि गाळणं म्हणून नाही: प्रस्तावना वाचायचे, शुद्धिपत्र वाचायचे, मागच्या पानावरची केसांच्या तेलाची जाहिरात वाचायचे. शब्दकोश घरी द्यायचा नियम नव्हता, तर चार महिने रोज दुपारी येऊन इथं बसून त्यांनी तो वाचला. 'म'ला आले तेव्हा फार थकलेले दिसले. "ह्यात कुणालाच काम न्हाई मास्तर," म्हणाले, "पण माणसं लई हायत."

त्यांच्या चिठ्ठ्यांची इतर वाचकांनी तक्रार केली. एका वकिलीणबाईंना ज्ञानमार्गावरच्या ग्रंथात 'गुरू – घोगऱ्या. शोभत नाही' अशी चिठ्ठी सापडली होती. मी चिठ्ठ्या काढून ठेवायला लागलो. टाकून मात्र देववेनात.

एवढं सगळं असून या माणसाबद्दल मला काही माहीत नव्हतं. तेलघाण्यामागं एका खोलीत एकटे राहत. बायको फार पूर्वी गेलेली. नोकरी कुठली विचारलं तर "सरकारी." वाचनालयात दुसरा कुणी आला की ते आपलं बाकडं सोडून कोपऱ्यातल्या स्टुलावर जात. कुणी रामराम घातला तर दचकत. गावात तीस-पस्तीस वर्षं काढलेला माणूस, पण कुणाच्या लग्नाला, बारशाला, तेराव्याला गेलेला मी पाहिला नाही. मला वाटे, पुस्तकी माणसं असतात अशी.

मग लातूरचा जिल्हा झाला. गुलाल उधळला, फटाके वाजले आणि दुसऱ्या दिवसापासून गावातल्या प्रत्येक रिकाम्या खोलीला भाव आला. एकेक नवीन कचेरी येत होती, तिला जागा हवी होती. वर्षभरात आमच्या माडीच्या मालकालाही एक कचेरी मिळाली. माणूस वाईट नव्हता. हात जोडून म्हणाला, महिन्याभरात जागा मोकळी करा.

त्याच वर्षी पावसानं पाठ फिरवली. दिवाळीलाच विहिरी तळाला गेल्या. संक्रांतीनंतर टँकर सुरू झाले, बोळाच्या तोंडाशी घागरींच्या रांगा पहाटेपासून लागायच्या. वाचनालयातला माठ मी पालथा घालून ठेवला. वाचायला येणाऱ्यांपेक्षा पाणी प्यायला येणारे जास्त झाले होते आणि त्यांना नाही म्हणायची मला लाज वाटायची.

नवी जागा मिळेना. शेवटी कमिटीनं ठरवलं की पुस्तकांचे गठ्ठे बांधायचे आणि एकेका सभासदानं एकेक गठ्ठा घरी सांभाळायचा. गठ्ठे नंबरवार नव्हते, म्हणून मी यादी केली: कुठला नंबर कुणाच्या घरी. चार दिवसांत माडी रिकामी झाली. भिंतींवर कपाटांच्या पांढऱ्या खुणा राहिल्या.

अप्पा आले, रिकाम्या खोलीकडं बघत राहिले.

"सातशे तीस कुठाय?"

"जोशी मास्तरांकडं. मी उद्या आणून देतो तुम्हाला."

"तसं न्हाई चालत. रजिस्टरात त्यांच्या नावावर हाय. त्यांच्या ताब्यातला माल मला घरी नेता येत न्हाई."

"मग वाचणार कसं?"

अप्पांनी बराच वेळ छत्रीच्या टोकानं जमिनीवर रेघा ओढल्या. "तिथं जाऊन," म्हणाले. जणू कुणी त्यांना विहिरीत उतरायला सांगितलं होतं.

पण गेले. जोशी मास्तरांच्या ओसरीत बसून त्यांनी सातशे तीस वाचलं. मग एकतीस, बत्तीस. मग दुसरं घर. लोकांना आधी अवघडल्यासारखं झालं. भर दुपारी एक म्हातारा येतो, दारात दोनदा खाकरतो, पुस्तक मागतो, ओसरीत बसून पुटपुटत वाचतो, चारला उठून जातो. चहा विचारला तर नको, पाणी विचारलं तर नको. "टंचाई हाय," म्हणायचे. हळूहळू बायकांनी त्यांना कामाला लावलं. अप्पा, डाळीवर लक्ष ठेवा, चिमण्या येतात. अप्पा, टँकर आला की हाक मारा. एका घरी तर म्हाताऱ्या आजोबांनी स्वतःच हट्ट धरला की मला टोपीवाल्याचं काम असलेलं पुस्तक सांगा. मी यादी घेऊन फिरायचो तेव्हा मला हे सगळं कळायचं. अप्पा त्या दोन महिन्यांत थोडे बोलायला लागले होते. एकदा तर मला वाटेत थांबवून म्हणाले, "मास्तर, काल देशमुखाच्या घरी मला जेवायला बस म्हणले." नुसतं एवढंच. जेवलात का विचारलं तर मान हलवून निघून गेले. हो की नाही ते कळलं नाही.

सातशे बावन्नला गाडी थांबली.

आठ दिवस अप्पा कुठंच दिसले नाहीत. मी त्यांच्या खोलीवर गेलो. बाजेवर बसले होते, समोर भिंत. भिंतीवर बाईसाहेबांचा एक कापून लावलेला फोटो, पिवळा पडलेला. खोलीत दुसरं चित्र नव्हतं.

"तब्येत बरी नाही का?"

"बरी हाय."

"सातशे बावन्न तेली गल्लीत आहे. दत्ताच्या घरी. तो बदली होऊन उदगीरला गेला, पण त्याची आई आहे घरी, सुंदराबाई."

"ठावं हाय. त्या घरी मी जात न्हाई."

"का?"

अप्पांनी बाजेवर सरकून मला बसायला जागा केली.

"मास्तर, मी बेलिफ होतो. कोर्टाचा. समन्स घेऊन जायचं, नोटीस चिकटवायची, ताबा घ्यायचा. सत्तावीस वर्षं. मी गल्लीत शिरलो की बाया पोरं उचलून आत न्यायच्या. कुणाच्या दारात गेलो अन् तो माणूस खुशीत आला असं एकदा झालं न्हाई. माझी बायको म्हणायची, तुम्ही बाजाराला जाऊ नका, मी जाते. तुम्हाला बघून भाजीवाल्या पाटी झाकतात."

ते थोडं हसले.

"मग मी सिनेमाला जायचो. वसुलीला हैदराबादेला गेलो की तिथं, न्हाईतर इथं. एकटाच. अंधारात बसलो की बाईसाहेब समोरून सरळ माझ्याकडं बघून हसायच्या. मी कोण हाय ते त्येनला ठावं नव्हतं ना."

सुंदराबाईंच्या घराचा दावा भावाभावांच्या वाटणीचा होता. त्यांचा नवरा हरला. ताबा वॉरंट घेऊन अप्पा गेले तेव्हा बाई चुलीपुढं होत्या. सामान बाहेर काढायचा हुकूम होता. अप्पांनी हुकूम वाचून दाखवला आणि भांडी बाहेर काढायला सांगितली.

"तव्यावर भाकरी होती. एका अंगानं भाजलेली. मी म्हणलं, तवाबी काढा. दोन मिनिटं थांबलो असतो तर कोर्ट काय मला फाशी देणार होतं? पण ऊन वाढून राहिलं होतं. मला अजून दोन ठिकाणी जायचं होतं."

मी म्हणालो, अप्पा, ते एक पुस्तक सोडून द्या. त्रेपन्न घ्या.

"एक सोडलं तर सगळंच सोडलं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मीच तेली गल्लीत गेलो. विचार असा की सुंदराबाईंकडून पुस्तक आणावं, यादीत माझ्या नावावर चढवावं, म्हणजे अप्पांचा कायदाही राहील. भाड्याच्या दोन खोल्या, पुढं अरुंद ओसरी. सुंदराबाई सत्तरीच्या असाव्यात. दोन रिकाम्या घागरी उन्हात उपड्या पडल्या होत्या. गठ्ठा आत ट्रंकेवर होता, वर स्वच्छ फडकं.

"किताबा वाचत हिंडतोय तो म्हातारा, त्याच्यासाठी पायजे का?" त्यांनीच विचारलं.

"हो."

"मग त्यालाच लावून द्या. सगळ्यांच्या ओसरीत बसून वाचतोय म्हणं. आमच्या ओसरीला काय झालं?"

त्यांना अप्पा कोण ते माहीत होतं की नव्हतं, मला चेहऱ्यावरून कळलं नाही. मी निरोप दिला. अप्पा तीन दिवसांनी निघाले, तेही माझ्याबरोबर. गल्लीच्या तोंडाशी त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. दारात खाकरले. आतून पुस्तक बाहेर आलं. बाई उंबऱ्याच्या आत, दाराआड बसल्या.

"मला अक्षर येत न्हाई," त्या म्हणाल्या. "मोठ्यानं वाचा."

अप्पांनी आयुष्यात कुणाला काही वाचून दाखवलं असेल तर ते कोर्टाचे हुकूम. तसंच ते वाचायला लागले, एका सुरात, शब्दाशब्दाला अडखळत. एका खेड्यातल्या दोन भावांची गोष्ट होती, विहिरीवरून बिनसलेल्या. अर्ध्या पानावर आतून प्रश्न आला, "ही थोरली जाऊ दिसायला कशी हाय?" अप्पा घुटमळले. मग म्हणाले, "हे काम बाईसाहेबांनी केलं." आणि बाईसाहेब कशा चालतात, कशा मान वळवतात, रडताना डोळ्याला पदर लावत नाहीत, हे सगळं सांगितलं. सुंदराबाईंनी जन्मात एकच सिनेमा पाहिला होता, तोही जत्रेतल्या तंबूत, मागच्या बाजूनं. तरी त्यांना पटलं. "हां, तशीच असंल," म्हणाल्या.

रोज दुपारी दोन तास. अकरा-बारा दिवस चाललं. मी मधूनमधून जाऊन बसायचो. ऊन असं की गल्लीतली कुत्रीसुद्धा दिसत नव्हती. आतून एकेक प्रश्न यायचा, अप्पा थांबायचे, उत्तर द्यायचे, बोट पुन्हा ओळीवर ठेवायचे.

पुस्तक संपत आलं होतं त्या दिवशी मी तिथंच होतो. गोष्टीत धाकट्या भावाच्या दारात कोर्टाची माणसं आली. अप्पांनी एक ओळ वाचली. दुसरी सुरू केली आणि थांबले.

"का थांबलाव?"

"डोळे दुखून राहिले."

"वाचा. मला ठावं हाय पुढं काय होतंय."

अप्पांचं बोट ओळीवर तसंच होतं. ते हलेना. थोड्या वेळानं आतून, अगदी रोजच्या आवाजात, प्रश्न आला, "ह्या कोर्टाच्या माणसाचं काम कुणी केलं?"

अप्पांनी पाचजणांपैकी कुणाचं नाव घेतलं नाही.

"ते मी केलं," ते म्हणाले.

गल्लीत कुठंतरी हापसा कोरडाच कुरकुरत होता.

"पहिल्या दिशीच वळखलं मी," सुंदराबाई म्हणाल्या. "खाकरण्यावरून. तेव्हाबी दारात दोनदाच खाकरला होता तुम्ही." मग म्हणाल्या, "ती भाकरी आम्ही रस्त्यावर बसून खाल्ली. दत्ता लहान होता. अर्धी कच्ची म्हणून रडला."

अप्पांनी पुस्तक मिटायला घेतलं.

"आता वाचा की," त्या म्हणाल्या. "धाकट्याचं काय झालं ते कळू द्या."

अप्पांनी वाचलं. शेवटपर्यंत. दुसऱ्या दिवशी ते सातशे त्रेपन्न घेऊन तिथंच गेले. ते पुस्तक दुसऱ्या घरातलं होतं, रजिस्टरात दुसऱ्याच्या नावावर. त्यांनी ते मागून आणलं होतं. ताब्याचा नियम मोडल्याचं मी काढलं नाही, त्यांनीही काढलं नाही. त्या दिवशी ओसरीत त्यांच्या बाजूला पाण्याचा तांब्या ठेवलेला होता. सबंध पान संपेपर्यंत ते त्याच्याकडं बघत होते. मग दोन घोट घेतले आणि उरलेलं झाकून ठेवलं.

असं ते उन्हाळ्यापुरतंच चाललं. मृगही कोरडा गेला, तेली गल्लीत टँकर चार दिवसांतून एकदा यायला लागला आणि दत्ता येऊन आईला उदगीरला घेऊन गेला. त्यानं पुस्तकांचा गठ्ठा मोजून माझ्या स्वाधीन केला. अप्पा त्या सकाळी स्टँडवर गेले होते म्हणे. पुढं कधीतरी भेटला तेव्हा दत्तानंच सांगितलं. एका खांबाआड उभे होते, गाडी हलेपर्यंत पुढं आले नाहीत. आईनं खिडकीतून पाहिलं आणि कोण आहेत ते दत्ताला सांगितलं नाही. "वाचनालयातले आहेत," एवढंच म्हणाली.

पुढं आम्हाला आडत बाजारामागं एक पत्र्याची खोली मिळाली. गठ्ठे परत आले, कपाटं लागली. सुंदराबाई त्याच हिवाळ्यात उदगीरला वारल्या. मी अप्पांना सांगितलं. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि विचारलं, "आठशे सहा लागलं का कपाटात?"

मी ते काढून दिलं. ते कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसले आणि मोठ्यानं वाचायला लागले. पेपर वाचणाऱ्या दोघांनी माझ्याकडं पाहिलं. वाचनालयात मोठ्यानं वाचायचं नाही अशी पाटी अप्पांच्या डोक्यावरच होती. अर्धं पान झालं की ते थांबायचे. मान जराशी दाराकडं वळवायचे, तेवढा वेळ वाट बघायचे, मग बोट पुन्हा ओळीवर ठेवायचे.

पेपरवाल्यांपैकी एकजण उठून माझ्या टेबलाशी आला आणि पाटीकडं बोट दाखवून म्हणाला, "साहेब, त्यांना सांगा की."

मी म्हणालो, "तुम्ही बाहेर बसा. बाहेर सावली आहे."